सोळा कोर आणि कौसाआजींचा गळा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तेजस्वीने स्वतःचं झाकून ठेवलं. माईकवर ते वाक्य मीच बोलले होते. पुढचा सगळा तमाशा विकासदादाने आणि त्याच्या सोळा कोरवाल्या लॅपटॉपने केला, पण काडी टाकली ती मी. आणि सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

विकासदादाची अंबरनाथ पूर्वेला बँजो पार्टी आहे. बँजो तो स्वतः वाजवतो, ऑक्टोपॅड सोनू सांभाळतो, आणि गेली तीन वर्षं कीबोर्ड आणि लॅपटॉप माझ्याकडे आहे. आठवडाभर मी घरी कीबोर्डचे क्लास घेते, विकासदादा एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट करतो, आणि लग्नसराईत रविवार आला की टेम्पोत सामान टाकून आम्ही बदलापूर, वांगणी, बारवीकडच्या गावांत हळदीला वाजवायला जातो. बँजो पार्टी म्हटलं की लोकांना नुसता धिंगाणा आठवतो. आमच्या लॅपटॉपमध्ये म्युझिकचं सॉफ्टवेअर आहे, सनईपासून ढोलापर्यंत शंभर आवाज आहेत, आणि ते सगळे जागच्या जागी ठेवायला डोकं लागतं. ते माझं आहे.

गेल्या वर्षी विकासदादाच्या डोक्यात एक आयडिया आली. इकडच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते, तिच्या भाषेत धवले बोलते, म्हणजे देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. तिने बोलावल्याशिवाय हळद लागत नाही. विकासदादा म्हणाला, "हाच धवला आपण बीटवर घ्यायचा. आवाजाला जरा पॉलिश मारायचं. पब्लिक रील काढणार बघ." अशा रीतीने कौसाबाई आमच्या टेम्पोत आल्या.

कौसाबाई वांगणीच्या अलीकडे एका पाड्यावर राहतात. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, आणि आवाज असा की माईकशिवाय मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायकांपर्यंत पोचायचा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोरींची लग्नं लावली. यंदा मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्या नातीचं, सोनियाचं लग्न ठरलं होतं. टेम्पोत चढताना दर वेळी एकच गोष्ट सांगायच्या, "लोकांचे पोरींना बोल्ली, आता माजे सोनियाला बोलाचा हाय. आमचे घरानचा येक बी नाव सोरनार नाय." गेलेल्या माणसांच्या नावांबद्दल बोलत होत्या त्या. सासू, सासरा, नवरा आणि लहानपणीच गेलेला एक मुलगा.

मार्चमध्ये बदलापूरच्या पुढच्या एका गावात हळद होती. सकाळचे अकरा वाजलेले, मांडव भरलेला. धवल्याच्या पहिल्या दोन ओळी आजी एकट्याच घेणार होत्या, मग बीट येणार होता. मी त्यांचे इफेक्ट चालू केले. सूर सरळ करणारा एक, आवाज जाड करणारा एक, घुमवणारे दोन, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लावलेला, चमक आणणारा एक. आजींनी तोंड उघडलं आणि स्पीकरमधून चर्रर्र आवाज यायला लागला, तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तसा. आजी थांबल्या की चर्र थांबायचं. आजी गायल्या की पुन्हा सुरू. तीनदा असंच झालं. पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती, माझे कान गरम झाले, आणि मी इफेक्ट बंद केले, समोरचा माईक ओढून बोलले, "आजी, आवाज फाटतोय तुमचा. जरा थांबा."

स्पीकर फाटतोय म्हणता आलं असतं. लाईन खराब आहे म्हणता आलं असतं. तपासल्याशिवाय तोंडच उघडायला नको होतं. पण स्वतःची अब्रू वाचवायची घाई झाली की माणसाला समोरचं सगळ्यात गरीब माणूस दिसतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीचा सायलेन्सर फाटला रे!" अख्खा मांडव हसला. त्याची रील त्याच दिवशी जेवणाच्या पंगती उठायच्या आत गावोगावच्या ग्रुपवर पोचली. आजींनी हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं आणि बायकांच्या मागे जाऊन बसल्या. हळद लागली ती विकासदादाच्या बँजोवर.

परतताना टेम्पोत विकासदादाने निकाल लावला, "लॅपटॉप मेलाय आपला. चार कोर! आजकाल चार कोर कोण वापरतं?" मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. लॅपटॉप खराब ठरला की मी सुटत होते.

पुढच्या शनिवारी आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्याच्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काळाकुळकुळीत लॅपटॉप काचेवर ठेवला. "साईं, सोलह कोर है. समझो सोलह आदमी एक साथ काम पे लगे हैं."

"लेकिन गाने को चलेगा ना? म्युझिक को?" विकासदादाने विचारलं.

"अरे साईं, इसमें पिक्चर बनता है. गाना क्या चीज है?"

दुकानदारावर माझा राग नाही. त्याला गिऱ्हाईकाने एक प्रश्न विचारला, त्याने एक उत्तर दिलं. राग आमचा येतो. आम्ही त्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, दुकानाच्या पायरीशी नारळ फोडला आणि सोळा कोर आले म्हणून पेढे वाटले. आमची वायर कुठून कुठे जाते हे बघायची बुद्धी कुणाला झाली नाही. स्पेसबारच्या फटीत ते कुंकू अजून आहे.

एमआयडीसीत एका बंद पडलेल्या युनिटच्या गाळ्यात आमची प्रॅक्टिस चालते. विकासदादाने आजींना बोलावून घेतलं. आजी नवीन लुगडं नेसून आल्या होत्या, बरोबर सोनियाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी नव्या लॅपटॉपवर सगळं जसंच्या तसं चढवलं. आजींनी सुरू केलं.

चर्रर्र.

पुन्हा एकदा. पुन्हा तेच. विकासदादाने बँजो खाली ठेवला. "लॅपटॉप नवीन. वायरी नवीन. माईक नवीन. मग इथे जुनं राहिलं काय?"

मी स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

"मी," आजी म्हणाल्या.

त्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि चपला शोधायला लागल्या. "माजे सोनियाचे लग्नान तुमी तुमचा काय तो वाजवा. मी बोलनार नाय. गला गेला माजा."

विकासदादाला हेच हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्याला वाईट वाटलं नाही एवढं नक्की. "नेटवर रेडीमेड धवला मिळतो," तो म्हणाला. "तो लावू. क्लीन."

रेडीमेड! त्या धवल्यात कुणाची सासू, कुणाचा सासरा? आजींच्या लहानग्याचं नाव त्यात कोण घेणार होतं? आजी गाळ्याच्या दारातून बाहेर पडल्या, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. पण तिडीक जाऊन उपयोग काय? माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लासची पोरं गेल्यावर मी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. प्रत्येक कार्यक्रम सॉफ्टवेअरमध्ये आपोआप रेकॉर्ड होत असतो. तो आवाज इफेक्ट लागायच्या आधीचा असतो, माईकमधून आला तसा, कोरा. तो कधी कुणी ऐकत नाही. मी मार्चमधली ती हळद काढली, सगळे इफेक्ट बंद केले आणि हेडफोन लावला.

आजी गात होत्या. एक चर्र नाही, एक खरखर नाही. मागे लांब कोंबडा आरवला तोसुद्धा स्वच्छ. मग सूर तोडून माझाच आवाज आला, "आवाज फाटतोय तुमचा." तो मात्र फारच स्पष्ट होता. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मग मी इफेक्ट चालू केले आणि सोळा कोर काय करतायत ते दाखवणारी खिडकी उघडली. सोळा चौकोन दिसतात, जो कोर राबतोय त्याचा चौकोन भरतो. एक काठोकाठ भरला होता. बाकीचे पंधरा जवळजवळ कोरे.

आता हे असं का, ते ऐका. लॅपटॉप नव्हता तेव्हा पार्टीतली सगळी वाद्यं आणि माईक विकासदादाच्या मिक्सरमध्ये जायचे, आणि तिथून एक वायर स्पीकरला. ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. कुणाचा आवाज केवढा ठेवायचा ते मालकाचं बोट ठरवणार. लॅपटॉप आला तेव्हा रीत मोडायला नको म्हणून तीच एक वायर त्याने लॅपटॉपमध्ये खुपसली. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचा मिळून ट्रॅक एकच, आणि बँजोचे, ऑक्टोपॅडचे, आजींचे मिळून चौदा इफेक्ट त्या एका ट्रॅकवर, एकाखाली एक. एका ट्रॅकवरचे इफेक्ट रांगेतच चालतात. पहिल्याचं उरकल्याशिवाय दुसऱ्याला आवाज मिळतच नाही. त्यामुळे सगळी रांग एकाच कोरच्या उरावर, आणि लाइव्हमध्ये त्याला वेळ मिळतो पापणी लवायच्या आतला. तेवढ्यात नाही जमलं की आवाजात भोक पडतं. तेच ते चर्र. आजी गप्प असताना भोकं पडतच होती, पण शांततेतलं भोक ऐकू कसं येणार?

ट्रॅक वेगळे केले तर कामं वेगवेगळ्या कोरवर वाटली जातात. मी आजींच्या माईकला स्वतंत्र ट्रॅक दिला, बँजो वेगळा, कीबोर्ड वेगळा, आणि नको ते इफेक्ट काढून फेकले. तेही जुन्या लॅपटॉपवर, त्या चार कोरवाल्या डबड्यावर. मार्चचं रेकॉर्डिंग सोडलं, वर माईक धरून स्वतः बेसूर गायले. माझ्या सुराला नावं ठेवता आली असती, पण आवाज कुठेही फाटला नाही. आणि तो एकच ट्रॅक तीन वर्षांपूर्वी लावला होता कुणी? मी. विकासदादाने सांगितला तसा, एक प्रश्न न विचारता.

सोमवारी शिफ्ट सुटायच्या वेळी मी एमआयडीसीच्या गेटजवळ विकासदादाला गाठलं. शेजारच्या खानावळीत बायका भाकऱ्या थापत होत्या. चहा घेऊन आम्ही बाकड्यावर बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे सोळा कोर फुकट?" तो म्हणाला.

"फुकट नाही, दादा. पंधरा जण बसवून ठेवलेत तू. ते बघ. एक भाकरी चार बायकांनी मिळून लवकर होते का? मळल्याशिवाय थापणार काय, थापल्याशिवाय तव्यावर टाकणार काय? चार भाकऱ्या असल्या तर चार बायकांचा उपयोग. आपण सगळ्यांची मिळून एकच भाकरी करतोय."

"तू मला भाकऱ्या शिकवते?"

"वायरी शिकवतेय."

त्याने चहा संपवेपर्यंत विचार केला. लग्नसराईत लॅपटॉप वाजवणारं दुसरं माणूस मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "ठीक आहे. लाव तुझ्या पद्धतीने. पण ते म्हातारीचं आता उकरू नको. बसलंय ते बसू दे."

"काय बसलंय? त्यांना वाटतंय गळा गेला!"

"मग? या वयात जातोच. आज नाही तर उद्या. तिला काय फरक पडतो? आणि पार्टीचं सेटिंग चुकीचं होतं असं चार गावांत गेलं तर उद्या सुपारी कोण देणार? सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, तेजू. तुझ्या पण."

तिला काय फरक पडतो! मी तिथून उठले नसते तर तो चहाचा ग्लास त्याच्या शर्टावर गेला असता.

दुसऱ्याच दिवशी मी वांगणीला उतरून रिक्षाने पाड्यावर गेले. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. शेजारी कडू काढ्याचं भांडं होतं. अडुळसा, ज्येष्ठमध, आणखी काय काय. गाळ्यातून आल्यापासून त्या दिवसातून तीन वेळा काढा घेत होत्या आणि मिठाच्या गुळण्या करत होत्या, असं सोनियाने आतून सांगितलं. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

त्या ऐकत राहिल्या. संपल्यावर बोटाने खूण केली, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकून हेडफोन स्वतःच काढला.

"यो कंचा?"

"मार्चमधला. त्या हळदीतला. तुम्ही गात होतात तेव्हाचाच आहे, आजी. तुमचा आवाज फाटलाच नव्हता. आमची जोडणी चुकली होती. माझी चूक. मी माफी मागायला आलेय."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला जवळ घेतील. मी मनातल्या मनात तशी तयारीसुद्धा करून आले होते. आजींनी तांदळाचं सूप बाजूला आपटलं.

"मंग मना गप कनाला बसवली? पाचशे मानसांन? माजी नात मोबाईल लपवतंय माज्यापासून, त्यान लोका हासतान म्हनून! मी यो करू काढा पिऊन ऱ्हायले. आन तू आता येतंस, हितं ओट्यावर, माफी मांगाला? हितं आयकाला कोन हाय? कोंबऱ्या?"

"आजी, मी..."

"माईकवर बोल्लीस ना? मंग माईकवर सांग. तवा मी बोलीन धवला. नायतर तुमचा तो मशीनमधला लावा."

मी हो म्हणाले. रिक्षात बसल्यावर विकासदादाचं वाक्य आठवलं, तुझ्या पण पोटावर. लग्नसराईच्या उरलेल्या सुपाऱ्या मी बोटांवर मोजल्या. पण म्हातारीचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

सोनियाच्या हळदीला मांडव गच्च भरला होता. मार्चच्या हळदीतली निम्मी माणसं इथेही होती, सगळं एकमेकांच्या नात्यातलंच. मी जुना लॅपटॉप लावला. विकासदादाच्या मिक्सरमध्ये फक्त बँजो आणि ऑक्टोपॅड गेले, माईकची वायर सरळ माझ्याकडे. "डबडं का काढलं परत?" त्याने विचारलं. "पुरतं ते," मी म्हणाले. आजी चौरंगाजवळ बसल्या होत्या, मोकळ्या हातांनी. हळदीचं ताट समोर होतं, पण त्यांनी उचललं नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

मी माईक हातात घेतला.

"नमस्कार. मार्चमधल्या हळदीत मी माईकवर म्हणाले होते की कौसाआजींचा आवाज फाटतोय."

विकासदादाने मान झटकन वळवली. डोळ्यांनीच सांगत होता, गप्प बस.

"ते खोटं होतं. फाटत होता तो आमच्या मशीनमधला आवाज. जोडणी आमच्या पार्टीची चुकली होती, आणि ती मी केली होती."

विकासदादाचं बोट मिक्सरवर गेलं. वीस वर्षांची सवय. त्याने माईकच्या आवाजाची दांडी खाली ओढली, पार तळापर्यंत. त्या दांडीला आता काहीच जोडलेलं नव्हतं. त्याने ती पुन्हा वर नेऊन खाली ओढली, मग माझ्या वायरीकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं.

"आजींचा गळा तेव्हाही चांगला होता आणि आजही आहे. ज्यांनी ती रील पुढे पाठवली त्यांनी हेही पाठवा. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते."

विकासदादा खाली वाकला आणि मला ऐकू येईल एवढंच बोलला, "उद्यापासून येऊ नको तू."

"बरं," मी म्हणाले.

मी आजींकडे बघितलं. त्यांनी ताट अजून उचललं नव्हतं. त्या मागे वळून, मांडवाच्या पलीकडे भांडी घासत बसलेल्या बायकांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मांगचे बायांना नाय आयकू गेला," आजी म्हणाल्या. "आजून येकदा बोल."

मी आवाज वाढवला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मागे भांड्यांचा आवाज थांबला. आजींनी ताट उचललं, घसा साफ केला आणि हाताने खूण केली, ते तुझं बाकीचं सगळं बंद कर. मी उरलेसुरले इफेक्टही बंद केले. त्यांनी पहिलं नाव घेतलं ते त्या लहानग्याचं.